अनुभवाचा रकाना

रविवारी तीन ते पाच मी शटर अर्धंच वर करते.
खानापूर स्टँडच्या मागं, पंक्चरवाल्याला लागून,
पाटीवर झेरॉक्स, डीटीपी, अर्ज,
त्यातला अर्ज उन्हानं पुसलाय.
पोरं वाकून आत येतात.
चपला बाहेर काढतात, मी कितीदा सांगून झालं तरी.

पंचवीस वर्षं कोर्टाच्या पायरीपाशी टाइप केलं:
अर्जदार नम्रपणे कळवितो की.
अजून बोटं आपोआप तिकडंच वळतात.
आवरते.
ह्या पोरांना नम्र व्हायला शिकवणारे
गावात भरपूर आहेत.

गुंजीचा वैजू कुंभार, दुसरी पीयूसी.
मार्क्स कार्डावर त्याच्या नावात एक ए जास्त,
आधारवर एक कमी,
रेशन कार्डावर कन्नडातून फिरून आलेला
कुणी वैजुनाथ.
"मॅडम, ह्यातला मी कुठला लिवू?"
ज्याची परीक्षा पास झालीय तो, मी म्हटलं.

अनुभव?
"काय नाही."
सकाळी उठतोस किती वाजता?
"चारला. भट्टी असती ना कौलांची."
जाळ कधी थांबवायचा, कोण ठरवतं?
"मीच की. धूर पातळ झाला, वास बदलला, की कळतंय."
किती वर्षं कळतंय?
"चार."
मी वय बघितलं. सतरा.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा साहेब हिशेब करील
आणि बोट त्याच्या बापाकडं जाईल.
चारचे दोन केले.
कोर्टात असं टाइप केलं असतं
तर वकिलानं कागद तोंडावर फेकला असता.

रुकय्या तिगडीनं छंद लिहून आणलेत:
वाचन, संगीत, पर्यटन.
हे कुणाचं?
"मामेबहिणीचं. तिनं पण कुणाचं तरी घेतलंय."
तू पर्यटनाला कुठं गेलीस?
"बेळगावला. सिव्हिलला. नानीला घेऊन, दर मंगळवारी."
डॉक्टर कन्नडात सांगतात, सिस्टर मराठीत,
नानीला उर्दूशिवाय पटत नाही,
आणि ही मधी उभी,
तीन भाषांच्या गोळ्या वेगवेगळ्या पुडीत बांधत.
मी लिहिलं: दुभाषी, रुग्णालय, दीड वर्ष.
"एकदा चुकलंय माझं. रातची गोळी सकाळी दिली.
तवापासून वहीत लिवते. ते पण घाला."
चूक कुणी लिहीत नाही गं.
"मग वही कशाला ठेवली म्हणून सांगणार?"
मला उत्तर सुचलं नाही.
वहीची ओळ घातली. चुकीची नाही घातली.
ती स्क्रीनकडं बघत राहिली,
पटलं नसताना माणूस बघतो तसं.

वैजूचा भाऊ, पाचवीतला, स्टुलावर चढून:
"मला पण पायजे."
तुला कशाला रे?
"ठेवतो. मोठा झालो की गडबड नको."
ध्येय: जेसीबी.
चालवणार की घेणार?
"आधी चालवूया."
येणाऱ्या गोष्टी: फणसावर चढणे, बाबांची सही.
ती दुसरी खोडली.
संपर्क: शाळेसमोर उभं राहून हाक मारावी.

प्रिंट दिली आणि लाइट गेली.
वैजू अर्धा बाहेर आला,
नाव, पत्ता, मार्क्स,
भट्टी मशिनीच्या पोटात राहिली.
अंधारात पंक्चरवाल्याचा पंप तेवढा ऐकू येई.
"कंपनीवाले हे समदं वाचत्यात?"
किती अर्ज कोण वाचतं ते मी बघितलंय.
वरच्या चार ओळी, मी म्हटलं.
"मग चांगलं ते वर घ्या की."
इतकं सोपं.
आणि मी वर्षानुवर्षं मार्क्स वर ठेवतेय.

पावणेसहाला लाइट आली.
भट्टी वर घेतली, मार्क्स खाली.
रुकय्यानं कागदाची घडी घालू नये म्हणून
प्लॅस्टिकचं कव्हर दिलं, तिनं त्यात वही ठेवली,
कागद वहीत.
धाकटा अजून स्टुलावरच.
रंगीत पायजे म्हणाला.
रंगीतला दहा रुपये बाबा.
त्यानं चड्डीच्या खिशातून दोनचं नाणं काढलं,
माझ्या कीबोर्डवर ठेवलं,
आणि जरा विचार करून म्हणाला,
"फकस्त जेसीबी रंगीत करा."